आरसी ३९० एक्झॉस्ट अपडेट: ८३ हर्ट्झचं घुमणं आणि एक लिटरची स्टीलची बाटली

माझ्या केटीएम आरसी ३९० च्या एक्झॉस्टचं घुमणं अर्धं गेलं. उरलेलं अर्धं अजून छळतंय, पण निदान ते कुठून येतंय हे आता पक्कं कळलंय. त्यासाठी जे करावं लागलं ते लिहून ठेवतो, कारण स्लिप-ऑन (फक्त शेवटचा सायलेन्सरचा डबा बदलायचा प्रकार) लावलेल्या सिंगल सिलेंडरवाल्यांपैकी निम्म्या लोकांना हाच त्रास आहे आणि सगळे डब्यात भरलेलं ग्लासवूल बदलत बसलेत.

सेटअप तोच. २०१८ ची बीएस-४ आरसी, बेंड पाईप आणि कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) स्टॉक, म्हणजे कंपनीचेच, पुढे देशी बनावटीचा स्टीलचा स्लिप-ऑन, डीबी किलर (आवाज कमी करणारा तुकडा) आत. फुल सिस्टिमचा, म्हणजे इंजिनापासून सगळा एक्झॉस्ट बदलण्याचा, विषय मी माझ्यापुरता बंद केलाय. ३७३ सीसीच्या सिंगलला रस्त्यावर त्यातून जे मिळतं ते वरच्या आरपीएममध्ये. पुण्याच्या चांदणी चौकात फर्स्ट-सेकंडला सरपटताना त्याचा उपयोग शून्य. वर कॅट गेली की पीयूसीला सीओ वाढतो, सिग्नलला डोळे चुरचुरतात आणि इंधनाच्या मॅपिंगचा खर्च वेगळाच. पॉवरट्रॉनिक (हे मॅपिंग बदलणारी पेटी) चांगली वस्तू आहे, पण कॅट जागेवर ठेवून नुसता डबा बदलणाऱ्याला ती घ्यायची गरज नाही. क्रूझिंगला ओटू (ऑक्सिजन) सेन्सर आहे तो सांभाळून घेतो. स्लिप-ऑनचा खरा फायदा वजनात. लगेजच्या काट्याला दोन्ही डबे लटकवून पाहिले, नवा स्टॉकच्या निम्म्याच्या आसपास भरला.

आधी सोपं यश. थ्रॉटल सोडल्यावर जो फट-फट आवाज यायचा तो पूर्ण बंद झाला. बऱ्याच जणांना तो आवडतो, मला नाही. डबा जिथे लिंक पाईपवर चढतो त्या जॉइंटमध्ये फट होती. थ्रॉटल बंद असताना पाईपमध्ये दाब आत-बाहेर होतो, त्या फटीतून बाहेरची हवा ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल तिथेच पेटतं. फट सेन्सरच्या मागे असल्यामुळे ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) याचा पत्ताच नसतो, त्यामुळे स्कॅनर लावून काही सापडत नाही. गाडी थंड असताना जॉइंटला साबणाचं पाणी लावलं, स्टार्ट केली, फेस फुगला. लाल आरटीव्ही सिलिकॉन तिथे फासू नका, एवढी उष्णता त्याला झेपत नाही. ग्राफाइटची स्लीव्ह गॅस्केट आणि रुंद पट्टीचा क्लॅम्प लावला. विषय संपला.

आता मुख्य दुखणं. सहाव्या गिअरला, ५००० आरपीएमच्या आसपास, थ्रॉटल अर्धवट उघडं असताना हेल्मेटमध्ये असं काही घुमतं की ताम्हिणीला पोहोचेपर्यंत डोकं जड. ४५०० ला नाही, ५६०० ला नाही. आणि गाडी नेमकी त्याच पट्ट्यात मजेत चालते. स्टँडवर रेस करून पाहिलं तर जवळपास काहीच नाही, लोड लागतो.

सगळ्यांनी सांगितलं, पॅकिंग बदल. बोहरी आळीतून वूल आणलं, घट्ट भरलं. वरचा कर्कश आवाज छान गोड झाला, घुमणं जिथल्या तिथे. ते तसंच राहणार होतं. वूल आणि भोकांची नळी वरच्या फ्रिक्वेन्सी खाते, खालच्या तिच्यातून सरळ निघून जातात. फोनवर स्पेक्ट्रमचं (कुठल्या फ्रिक्वेन्सीचा आवाज किती ते दाखवणारं) ॲप टाकून फोन टँकबॅगमध्ये ठेवला आणि मुळशी रोडवर गाडी पाच हजारांवर धरली. सुळका ८३ हर्ट्झला.

इथे गंमत बघा. चार स्ट्रोकची सिंगल दर दोन फेऱ्यांना एकदा फायर होते, म्हणजे ५००० ला फायरिंग ४१.७ हर्ट्झ. तिचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट, ८३. म्हणजे आवाज एक्झॉस्टच्या गॅसचा, बरोबर? पण क्रँक स्वतः सेकंदाला ८३ वेळा फिरतो. बॅलन्सर शाफ्ट असला तरी सिंगलची थोडी थरथर उरतेच, आणि तीसुद्धा ८३ लाच. ॲपवर दोन्ही एकाच जागी दिसणार. गॅस बोलतोय की लोखंड, हे आलेख बघून कधीच कळणार नाही.

मग ब्रॅकेटकडे लक्ष गेलं. स्टॉक डबा रबर बुशवर टांगलेला असतो. ज्याच्याकडून स्लिप-ऑन घेतला त्याने दिलेला ब्रॅकेट म्हणजे सरळ पत्रा-टू-पत्रा, बोल्ट आवळला की डबा आणि सबफ्रेम (गाडीचा मागचा सांगाडा) एकच. विचारलं तर उत्तर मिळालं, "कुणाचीच कम्प्लेंट नाही." असो. बोल्ट काढला, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चार-पाच वेढे देऊन डबा सबफ्रेमला टांगला, खाली सुरक्षेला तार बांधली आणि रिकाम्या रस्त्यावर एक छोटा फेरा मारला. हे कायमचं करू नका, ट्यूब वितळते आणि वास दोन चौक येतो. पण तेवढ्यात उत्तर मिळालं. ८३ चा सुळका ६ डेसिबलने खाली. दाबाच्या हिशोबात बरोबर निम्मा. सीटमधून मांड्यांना जाणवणारी झिणझिण तर गेलीच.

म्हणजे निम्मं लोखंड, निम्मं गॅस.

लोखंडाची बाजू नाना पेठेत मिटली. काउंटरवरचा संवाद जसाच्या तसा:

"काका, सायलेन्सरचं रबर बुश हवंय, आत स्टीलची कॉलर असलेलं."

"गाडी?"

"गाडीचं सोडा हो, मी माप देतो."

"माप नको. गाडी सांगा."

शेवटी "पल्सर" म्हटल्यावर डबा उघडला. त्यातलं एक बुश चपखल बसलं. कॉलर असलेलंच घ्या. कॉलर नसेल तर बोल्ट आवळला की रबर चेपतं आणि पुन्हा पत्रा-टू-पत्रा. ब्रॅकेटचं भोक कानस मारून मोठं केलं, बुश बसवलं. ट्यूबच्या पट्टीइतकं नाही, पण त्याच्या जवळ पोहोचलोय.

आता गॅस. खालची फ्रिक्वेन्सी खायची तर डब्यात खाने तरी हवेत किंवा बाजूला रेझोनेटर. जुन्या बाजारातून पल्सरचा एक गंजका सायलेन्सर उचलला आणि भोसरीत ओळखीच्या शॉपमध्ये ग्राइंडरने उभा कापला. आत काळी पूड, मधल्या आडव्या भिंती, एका खान्यातून नळी मागच्या खान्यात जाते, तिथून दुसरी परत पुढे येते. गॅस बाहेर पडण्याआधी दोनदा उलटा फिरतो. आपण ज्याला "कंपनीचा दाबून टाकलेला आवाज" म्हणून शिव्या घालतो, ती ही कारागिरी. माझ्या सरळ नळीच्या डब्यात यातलं काहीच नाही.

त्याच पल्सरच्या बेंड पाईपवरून सुचलं. बजाजचं एक्झॉस्टेक आठवा, बेंड पाईपला चिकटलेली ती छोटी डबी, खालच्या आणि मधल्या आरपीएमला टॉर्क सुधारायला दिलेली. काम वेगळं, पण तत्त्व ओळखीचं: वाहत्या पाईपला बाजूने जोडलेली बंद पोकळी. हेल्महोल्ट्झ रेझोनेटर. पोकळीचं आकारमान, गळ्याची लांबी आणि गळ्याचं छिद्र यावर तिची फ्रिक्वेन्सी ठरते आणि तेवढीच ती गिळते, बाकी आवाजाला हात लावत नाही. मला हवंय ते हेच.

ती डबी पाण्याने मोजली, पाव लिटरही भरली नाही. एवढ्याशा पोकळीला ८३ वर आणायचं तर गळा इतका बारीक करावा लागतो की परिणामच उरत नाही. एक लिटर हवं. आरसीच्या खालच्या फेअरिंगमध्ये आडवं बसेल असं एक लिटरचं, गोल, स्टीलचं, स्वस्तातलं काय मिळतं? फ्रिजमधली पाण्याची बाटली. सिंगल वॉल. रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानात मिळाली. थर्मासवाली डबल वॉल चुकूनही घेऊ नका, वेल्डिंग करताना मधली पोकळी फुटेल.

हिशोब असा: १२ मिमी आतल्या व्यासाचा गळा, एक लिटर, गळ्याची परिणामी (हिशोबात धरायची) लांबी साधारण ८ सेमी, आतला गॅस २०० अंशाला, की बरोबर ८३ हर्ट्झ. टोकाचं करेक्शन (गळ्याच्या टोकांबाहेरची थोडी हवाही हलते, तिची वाढीव लांबी) वजा केलं तर प्रत्यक्ष नळी ७ सेमीच्या आसपास.

आणि इथेच सगळं अडलंय. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. हीच बाटली थंड असताना ६६ हर्ट्झला बसते, म्हणजे ४००० आरपीएमला. ४०० अंशाला गेली तर ९९, म्हणजे ६००० च्या जवळ. कागदावर झकास, गाडीवर ती कुठे जाऊन थांबेल ते बाटलीच्या आतल्या तापमानावर. बाजूची फांदी असल्यामुळे तिच्यातून गॅस वाहत नाही, त्यामुळे ती पाईपपेक्षा बरीच थंड राहील, शिवाय फेअरिंगमध्ये वारा लागतो. २०० हा आकडा तिथून आलाय. पण पावसात ताम्हिणीत वेगळं आणि मे महिन्यात हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये वेगळं.

वेल्डरकाकांनी बाटली हातात घेतली, नखाने वाजवली.

"हिला आर्गॉन मारायचा? हात लावला की भोक पडतंय बघ."

"करंट कमी ठेवून?"

"ठेवतो रे. पण गळ्याला जाड वायसर आण आधी, त्याच्यावर मारतो. आणि पाणी काय पिणार मग तू?"

वायसर आणायला निघालो आणि हे टाइप करता करता डोक्यात आलं: गळा वेल्ड करायचाच कशाला? बाटलीला आटे असलेलं तोंड आहेच. झाकण लेथवर स्टीलचं करून घ्यायचं, गळ्याची नळी झाकणातून आत सोडायची. नळी बाटलीच्या आत लोंबली तरी फ्रिक्वेन्सीचं गणित तेच राहतं, आकारमान नखाएवढं कमी होतं. मग ५, ७ आणि ९ सेमीच्या नळ्यांची तीन झाकणं करायची आणि रस्त्यावरच बदलून बघायचं. तापमानाचा अंदाज बांधत बसायला नको, गाडीच सांगेल. बाटलीचं प्लास्टिकचं झाकण आणि सिलिकॉनची रिंग अर्थातच बाद, तांब्याचं वायसर लागेल. वेल्डिंग फक्त लिंक पाईपवरच्या एका बॉसचं (बाटली जोडायच्या जाड तुकड्याचं), तेही जाड पत्र्यावर. काका खूश होतील.

बॉस कुठे लावायचा हेही ठरलंय: जमेल तितका पुढे, कॅटच्या डब्याच्या बाजूला. पाईपच्या उघड्या तोंडाजवळ दाब बदलतच नाही, तिथे रेझोनेटर लावला तर तो नुसता दागिना. बाजारात डब्याच्या टोकाला "रेझोनेटर चेंबर" चिकटवून विकतात, ते याच कारणाने मला पटत नाहीत.

अ‍ॅक्रापोविच (नामांकित परदेशी सायलेन्सर) का नाही घेत, असं विचारणाऱ्यांना: घेईन, पैसे साठले की. त्यांचा रस्त्यासाठी होमोलोगेट केलेला (मंजुरी मिळालेला) स्लिप-ऑन असतो त्यावर ई-मार्क कोरलेला असतो. ओएलएक्सवर चतुर्थांश किमतीत नकली दिसतो त्यावर फक्त पाटी चिकटवलेली असते. पण ई-मार्क ही युरोपची मंजुरी, इथल्या नाकाबंदीत ती ढाल नाही. आपल्याकडे १७५ सीसीच्या वर कंपनीच्या टेस्टला मर्यादा ८० डेसिबल, तीही साडेसात मीटरवरून, चालत्या गाडीची. डब्यामागे फोन धरून "माझा ८८ च आहे" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, त्या आकड्याची या आकड्याशी तुलनाच होत नाही. कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. वर कलम ५२ आहेच, कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेरचा बदल नको म्हणून. म्हणून डीबी किलर आत, आणि स्टॉक डबा कपाटात तेल लावून. सोसायटीत पहाटे गाडी गेटपर्यंत ढकलतच नेतो, खालच्या मजल्यावरच्या आजी जाग्या असतात आणि त्यांना हार्मोनिक वगैरे समजावता येत नाही.

रविवारी लेथवाल्याकडे जातोय. बाटलीच्या तोंडाचे आटे कुठल्या पिचचे आहेत ते कुणी मोजलं असेल तर सांगा, माझ्या थ्रेड गेजचं (आटे मोजायच्या साधनाचं) एकही पातं जुळत नाहीये. नाहीच जुळलं तर तोंड कापून तिथे आटेवाला कॉलर बसवावा लागेल, आणि मग काकांना तो पातळ पत्रा आर्गॉनने मारावाच लागेल.