दोघं, एक गाडी, एक तंबू आणि वाइन टेस्टिंग: माझा अनुभव

डोंगरातल्या रस्त्यावरून गाडी हाकायची, वाटेत वाइन चाखायची आणि रात्री तंबूत झोपायचं. कागदावर या तिन्ही गोष्टी एकमेकींना छान शोभतात, प्रत्यक्षात मात्र त्या सतत एकमेकींच्या पायात येतात. चाखलेल्याला गाडी चालवता येत नाही. तापलेल्या गाडीत बाटली टिकत नाही. शेकोटीचा धूर कपड्यांत मुरला की दुसऱ्या दिवशी पेल्यातला वास ओळखू येत नाही. म्हणून आमचं नियोजन नकाशापासून सुरू होत नाही. त्या दिवशी गाडीची किल्ली कोणाकडे, हे आम्ही आधी ठरवतो आणि तिथून मागे मोजत येतो.

हिशेब मांडून बघितला की हे का, ते कळतं. एका टेस्टिंगमध्ये साधारण पाच-सहा वाइन मिळतात, प्रत्येकी 30 ते 50 मिली. सहा वेळा 40 मिली म्हणजे 240 मिली. 13 टक्के अल्कोहोल धरलं तर त्यात शुद्ध अल्कोहोल 31 मिली, वजनात सुमारे 25 ग्रॅम. शरीर ताशी साधारण 7-8 ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं, म्हणजे एकाच टेस्टिंगचा निचरा व्हायला तीन तासांहून जास्त वेळ लागतो. कॉफी, गार पाणी, आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. आधी जेवलं असेल तर अल्कोहोल रक्तात उतरायला वेळ लागतो, एवढंच. गाडी चालवताना रक्तात किती अल्कोहोल चालतं याची कायद्याची मर्यादा देशागणिक शून्यापासून 0.08 टक्क्यांपर्यंत बदलते. आम्ही ती सगळीकडे शून्यच धरतो आणि पाळी लावतो: आज एकाने चाखायचं, उद्या दुसऱ्याने.

मग चालवणाऱ्याने नुसतं बसून राहायचं का? मुळीच नाही. वाइनची निम्म्याहून जास्त ओळख नाकानेच होते. पेला फिरवायचा, हुंगायचा, जोडीदाराशी ताडून बघायचं. चाखून थुंकायची सोय प्रत्येक चांगल्या टेस्टिंग रूममध्ये असते (पिकदाणीच ती, फक्त तिथे तिला मान आहे), पण थुंकलं तरी थोडं अल्कोहोल पोटात जातंच. शिवाय तोंडात राहिलेल्या अंशामुळे पुढची साधारण पंधरा मिनिटं श्वासाच्या चाचणीत आकडा फुगलेला दिसू शकतो. म्हणून किल्लीवाल्याने फक्त हुंगायचं. त्याच्या बदल्यात विकत घ्यायची बाटली त्याने निवडायची. ती संध्याकाळी तंबूपाशी उघडते, तेव्हा किल्ली खिशातून काढून पिशवीच्या तळाशी गेलेली असते.

यापेक्षा सोपी एकच व्यवस्था आहे: मुक्कामाची जागा वायनरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर शोधायची, आधी तंबू उभारायचा आणि मग दोघांनी चाखायला जायचं. अशी जागा मिळत असेल तर पुढचा-मागचा सगळा रस्ता तिच्याभोवती बसवावा.

दिवसाला एकच वायनरी, फार तर दोन. सहा-आठ वाइननंतर जीभ थकते आणि सगळंच तुरट लागायला लागतं, त्यामुळे तिसऱ्या ठिकाणी पैसे वाया जातात. वेळ आधी ठरवून घ्यावी. बऱ्याच ठिकाणी बुकिंगशिवाय घेत नाहीत, आणि शेवटचं टेस्टिंग दार बंद व्हायच्या बरंच आधी संपतं. द्राक्षतोडणीच्या दिवसांत (उत्तर गोलार्धात साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिल) आंबवण्याच्या टाक्या चालू असलेल्या बघायला मिळतात, पण माणसं कामात असतात आणि रस्त्यावर ट्रॅक्टर असतात.

वळणांचा घाट टेस्टिंगच्या आधी संपवायचा. पोटात वाइन आणि समोर एकामागून एक वळणं, अशा वेळी बाजूला बसलेल्याला हमखास मळमळतं. टेस्टिंगनंतर अर्ध्या तासाहून जास्त प्रवास आम्ही ठेवत नाही. रस्त्याची दिशा निवडता येत असेल तर दरी किंवा समुद्र आपल्या लेनच्या बाजूला येईल अशी घ्यावी. वाहतूक डावीकडून असेल तर दृश्यही डावीकडे. मग थांब्यावर वळताना समोरची लेन ओलांडावी लागत नाही आणि शेजारच्याला खिडकीतून सगळं दिसतं. लांब उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाने वेग धरावा. सतत ब्रेक दाबला तर तो तापून निकामी होतो, आणि सामानाने भरलेल्या गाडीत हे लवकर घडतं. टायरमधली हवाही भरलेल्या गाडीच्या आकड्याने भरायची. तो आकडा बहुतेक वेळा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो.

सामान उलट्या क्रमाने लावायचं. जड ते खाली, मागच्या सीटला टेकून. तंबू, ताडपत्री आणि हातोडी सगळ्यांत वर, कारण पाऊस आला तर आधी तेच लागतं. बाटल्या डिकीत नकोत. बाहेर 30 अंश असताना उन्हात बंद उभ्या गाडीत पारा 50 च्या आसपास जातो. वाइन तापली की फुगते, बुचाखालची हवा दाबली जाते, बूच वर सरकतं आणि कडेने वाइन झिरपते. बुचाभोवती चिकट ओघळ दिसला तर ती बाटली घरी न्यायची नाही, त्याच रात्री संपवायची. बाटल्यांसाठी थर्माकोलचा किंवा जाड भिंतींचा आइस बॉक्स सीटमागे, खाली ठेवावा. बर्फ लाद्यांचा घ्यावा, तो चुऱ्यापेक्षा खूप टिकतो. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास असते. बाराचा खोका पंधरा किलोच्या वर जातो, म्हणून दोघांच्या सहलीत सहाच्या पुढे जाऊ नये. स्टोव्हचा गॅसचा डबाही तापलेल्या गाडीत ठेवायचा नाही.

तंबूची जागा निवडायला वेलींकडूनच शिकावं. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून घसरत दरीच्या तळाशी साचते. हिमतुषारात कोंब जळू नयेत म्हणून जाणकार मळेवाले वेली उतारावर लावतात. तळाशी नदीकाठची सपाट जागा दिसायला सुंदर असते, पण तिथेच रात्री सगळ्यांत जास्त गारठा, दव आणि धुकं. काठापासून वर, उताराच्या मधल्या टप्प्यावर जागा घ्यावी. हवामानाचा अंदाज गावाचा असतो. दर 1000 मीटर चढाईला तापमान सरासरी 6.5 अंशांनी उतरतं, म्हणजे गावापेक्षा 600 मीटर वर राहणार असाल तर जवळपास चार अंश वजा करावेत.

दोघांचा तंबू म्हणून जे विकतात त्यात दोन गाद्या कशाबशा बसतात. पिशव्या बाहेर भिजतात, म्हणून तिघांचा घ्यावा, आणि शक्यतो दोन दारांचा. वाइननंतर रात्री उठावं लागतंच, आणि एकमेकांना ओलांडून जाण्यात झोप दोघांची मोडते. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी थोडी आत हवी. बाहेर डोकावली तर पावसाचं पाणी तिच्यावर पडून थेट पाठीखाली येतं. खुंटी तंबूपासून उलट्या दिशेला झुकवून ठोकावी, दोर तिच्याशी काटकोनात यावा. हवेच्या खिडक्या थंडीतही उघड्या ठेवायच्या. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात अर्धा लिटर ते लिटरभर पाणी बाहेर पडतं, ते कापडाच्या आतून ओघळतं आणि तंबू गळतोय असं वाटतं.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं कम्फर्टचं (ज्यात आरामात झोप लागते) तेवढं खरं धरायचं, लिमिटचं (ज्यात कशीबशी रात्र निभते) नाही. दोन बॅगा जोडून एक करायची असेल तर एकीची चेन डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे हवी. हे घेतानाच बघावं लागतं. खालची गादी बॅगेइतकीच महत्त्वाची, कारण अंगाखाली बॅगेचा भर चेपला जातो आणि गारठा जमिनीतून येतो. गादीची ऊब आर-व्हॅल्यूत मोजतात. उन्हाळ्यात 2 पुरते, शून्य अंशाच्या आसपास 4 तरी हवी. नुसत्या हवेची साधी गादी अगदीच गार. आणि वाइनने ऊब येते हा भास आहे: कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तेवढ्यापुरतं गरम वाटतं, पण शरीर उष्णता गमावत असतं. दुसऱ्या पेल्याच्या आधी जाड कपडे घालून घ्यावेत. पाऊस असो, थंडी असो, स्टोव्ह किंवा निखारे तंबूच्या आत कधीही न्यायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

टेस्टिंगचे कपडे बंद पिशवीत वेगळे ठेवावेत. शेकोटी, डास पळवायचं मलम, सनस्क्रीन, अत्तर, यांतलं काहीही पेल्यातल्या वासावर चढून बसतं. दात घासल्यावर तासभर थांबावं, टूथपेस्टच्या फेसामुळे वाइन कडू लागते. चाखायचा क्रम फसफसती, पांढरी, रोझे (गुलाबी), लाल आणि शेवटी गोड. दोन वाइनच्या मध्ये पाण्याचा घोट. बाहेर प्यायला पाय नसलेले न फुटणारे पेले बरे. काचेला बऱ्याच मुक्कामांवर मनाई असते आणि काही ठिकाणी दारूलाही, म्हणून बुकिंग करतानाच विचारावं. पांढरी वाइन गार करायला बर्फ-पाण्यात मूठभर मीठ टाकलं की वीसेक मिनिटांत काम होतं. बर्फ संपला असेल तर ओला टॉवेल गुंडाळून बाटली वाऱ्यावर, सावलीत ठेवावी. मुक्कामासाठी फिरकीच्या झाकणाची बाटली घ्यावी, कारण कॉर्कस्क्रू नेमका घरी राहतो.

सकाळी तंबू ओलाच गुंडाळावा लागतो, दव वाळेपर्यंत थांबलं तर घाट उन्हात चढावा लागतो. घरी पोचल्यावर मात्र तो आधी उघडून पसरायचा. बंद पिशवीत दोन दिवस राहिला तरी बुरशी धरते आणि शिवणींवरचा जलरोधक थर सुटायला लागतो. बाटल्या आडव्या, अंधाऱ्या गार जागी ठेवायच्या. हेलकावे खाल्लेली जुनी लाल वाइन असेल तर गाळ बसायला एक-दोन आठवडे द्यावेत आणि उघडण्याच्या आदल्या दिवशी ती उभी करावी.