जुन्या मॅसी 1035 चं इंजिन वेगळं करून मागचं दोरी सील बदलताना

क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं आणि त्यात एक स्प्लिट पिन लोंबत असते. ती कशालाच धरून ठेवत नाही. ट्रॅक्टर चालताना खुळखुळत राहायचं आणि भोक चिखलाने बुजू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. या पिनेवरून ऑइल ठिबकायला लागलं की बहुतेक जण थेट म्हणतात, "मागचं सील गेलं, ट्रॅक्टर खोला." हे सील म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाभोवती ऑइल अडवणारी दोरी. मी आधी दोन दिवस थांबलो, आणि ते बरं झालं.

ऑइल बोटावर घेऊन पाहिलं. काळं आणि पातळ, म्हणजे इंजिनाचं. पिवळसर आणि दाट असतं तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील धरलं असतं. मग ब्लॉकची मागची बाजू डिझेलने धुतली, कोरडी केली, त्यावर खडूची पूड मारली आणि इंजिन अर्धा तास चालवलं. टॅपेट कव्हरचं किंवा हेडच्या मागच्या कोपऱ्यातलं ऑइलसुद्धा ओघळत याच भोकातून पडतं. तसं असेल तर चार रुपयांच्या पॅकिंगसाठी अख्खा ट्रॅक्टर उघडला जातो. माझी पूड वरून कोरडी राहिली. इंजिनातला कोंडलेला वायू बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप काढला तर काजळीने निम्मा बुजलेला. ब्रीदर बंद असला की क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पोकळीत, दाब वाढतो आणि नवं सीलही ऑइल बाहेर टाकतं. तो साफ करूनही गळती चालूच राहिली, तेव्हा पाने काढले.

हे इंजिन पर्किन्सच्या 3.152 रचनेचं. 3 म्हणजे सिलिंडर, 152 म्हणजे घन इंच, आपल्या हिशेबात अडीच लिटर. या ट्रॅक्टरला चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग एकमेकांना बोल्टने जोडलेलं, तेच अंग. त्यामुळे इंजिन वेगळं करायचं म्हणजे ट्रॅक्टरच मधून दोन करायचा.

सर्वांत आधी पुढचा एक्सल आणि सपोर्ट यांच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या. पुढचा एक्सल मधल्या पिनेवर डुलतो. पाचरी नसतील तर गिअरबॉक्सपासून सुटताच इंजिन एका कुशीवर झुकतं, आणि खाली माणूस असू शकतो. मागच्या चाकांना दगड, गिअरबॉक्सखाली जाड ओंडके, इंजिनाला वरून चेन ब्लॉक. नुसत्या जॅकवर हे काम करू नये.

मग बॅटरीच्या वायरी, बॉनेट, डिझेलचे पाइप, सायलेन्सर, थ्रॉटलचा रॉड, स्टॉप केबल, ऑइल प्रेशरचा पाइप, टेंपरेचरची वायर, स्टार्टर, दोन्ही स्टिअरिंग रॉड. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर घातला. शेवटी हाउसिंगचे बोल्ट; ते सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर हाउसिंगचा आकार काढून ज्या त्या जागी खोचून ठेवले. पुढचा भाग चाकांवर हळूहळू फूटभर सरकवला.

क्लचची धूळ आणि जुनी दोरी यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारू नये, ओल्या फडक्याने पुसावं. फ्लायव्हील काढण्याआधी सेंटर पंचने खूण केली आणि दोन बोल्टच्या जागी लांब स्टड घातले. ते अंगावर येण्याइतकं जड असतं, स्टडवर टेकवून ओढता येतं. ऑइल लागलेली क्लच प्लेट धुऊन परत घालू नका, ती तापली की पुन्हा घसरते.

फ्लायव्हील निघालं की आधी ब्लॉकच्या मागच्या डमी, म्हणजे भोकं बंद करणाऱ्या धातूच्या टोप्या, तपासाव्यात. त्या कोरड्या असतील तरच सील दोषी. सीलचं हाउसिंग दोन अर्ध्या भागांचं, प्रत्येकात ग्रॅफाइटची दोरी. माझी दोरी लाकडासारखी कडक झाली होती. क्रँकच्या त्या भागावर ऑइल परत आत ओढणाऱ्या तिरप्या खाचा असतात. हा भाग (जर्नल) बारीक पॉलिश पेपरच्या पट्टीने गोलाकारच पुसावं आणि खाचा घासून घालवू नयेत. दुकानदार दोरीऐवजी रबरी ओठाचं लिप सील गळ्यात मारतात. खाचांच्या क्रँकला मी दोरीच पसंत करतो.

गळती थांबते की राहते हे पुढच्या पायरीवर ठरतं. दोरीचं प्रत्येक टोक इंचभर खाचेत आधी दाबून बसवायचं, असं की हाउसिंगच्या तोंडापासून ते 0.25 ते 0.50 मिलिमीटर बाहेर राहील. मग उरलेली दोरी मधून सुरू करून गुळगुळीत गोल सळईने दाबत जायची. उलट केलं, म्हणजे आधी पूर्ण दाबून मग टोकं ब्लेडने सपाट छाटली, तर दोन दोऱ्या एकमेकींना भिडतच नाहीत आणि सांध्यातून ऑइल येतं. टोकं जास्त सोडली तर दोन भाग मिटत नाहीत. मी फिलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्या) तोंडाशी ठेवून मोजलं. पहिल्यांदा एक टोक जवळपास मिलिमीटरभर बाहेर होतं. दोरी काढून पुन्हा बसवली.

दोरीच्या आतल्या बाजूला ग्रॅफाइट ग्रीस, सांध्यांना शेलॅकचा (सांधा बंद करणाऱ्या लाखेच्या द्रावणाचा) पातळ हात, ब्लॉककडे नवं कागदी पॅकिंग. दोन्ही भाग क्रँकभोवती आवळून हाउसिंग ब्लॉकला लावण्याआधी हाताने मागेपुढे फिरवलं, म्हणजे दोरी बसते आणि अडकत असेल तर तिथेच कळतं. नंतर क्रँक जड फिरला तरी घाबरू नये. अजिबात फिरत नसेल तर टोकं लांब राहिलीत.

जोडताना घाई महागात पडते. क्लच प्लेट जुन्या इनपुट शाफ्टने मध्यावर धरली. ड्युअल क्लचला दोन्ही प्लेटा एका रेषेत हव्यात. शेवटच्या दोन सेंटिमीटरला अडकलं, तेव्हा पुढची पुली थोडी फिरवली आणि शाफ्टवरचे दाते (स्प्लाइन) प्लेटमध्ये आपसूक बसले. बोल्ट आवळून ओढू नये, प्लेटचा मधला हब फुटतो. फट चारही बाजूंनी सारखी मिटली की मगच बोल्ट.

साधारण सात लिटर नवं ऑइल भरलं, क्लच पेडलची मोकळी चाल लावली, अर्धा तास मंद चालवलं. त्या दिवशी भोकाखालच्या वर्तमानपत्रावर रुपयाएवढे दोन डाग पडले. दोरी नवी असताना एवढं पडतं. आठवड्याने कागद कोरडा होता. स्प्लिट पिन जागेवर परत घातली.