तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे लांबलचक इंग्लिश शब्द सापडतात कसे?

ग्रुपवर स्पेलिंग बीचा स्कोअर टाकला की कोणीतरी हमखास विचारतं, अहो तुम्ही तर मराठी मीडियमवाले, एवढे लांबलांब इंग्लिश शब्द तुम्हाला सुचतात कुठून, की गुपचूप एखादी वेबसाइट उघडून बसता? तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. ते शब्द सुचत नाहीत हो, जोडावे लागतात.

ज्यांनी हा खेळ बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: न्यूयॉर्क टाइम्सचा हा रोजचा खेळ, डिजिटल स्वरूपात 2018 पासून आहे. सात अक्षरं देतात, त्यातलं मधलं प्रत्येक शब्दात यायलाच पाहिजे, शब्द कमीत कमी चार अक्षरी हवा, आणि एकच अक्षर कितीही वेळा वापरा, चालतं. चार अक्षरी शब्दाला एक पॉइंट, त्याहून मोठा असेल तर जितकी अक्षरं तितके पॉइंट, आणि सातही अक्षरं वापरलीत तर तो पॅनग्रॅम, त्याला वर सात बोनस. म्हणजे खरी कमाई लांब शब्दातच.

आता समजा मध्ये सी आहे आणि भोवती ए, आय, एल, एन, ओ, टी. नवीन माणूस कॉटन, टॉनिक वगैरे टाकतो आणि मग अडकतो. मी आधी शेपूट बघतो. टी-आय-ओ-एन दिसलं की अर्धं काम झालं, कारण शब्दाचा शेवट तयार आहे, आता पुढचं फक्त डोकं लावायचं. एल-ओ-सी-ए लावलं, लोकेशन, झाला पॅनग्रॅम, 15 पॉइंट. त्याच्या आधी ए-एल लावा, ॲलोकेशन. ए-एल काढून सी-ओ-एल लावा, कोलोकेशन. मग सी-ओ-ए-एल करून बघायचं आणि शेपटीतल्या टी-आय-ओ-एनच्या आधी एक आय घुसवायचा, कोअलिशन! आघाड्यांची सरकारं बघत मोठे झालेल्या आपल्या लोकांना खरंतर हा शब्द पहिल्यांदा दिसायला हवा, पण दिसत नाही, कारण आपण मनात "शन" असं ऐकतो आणि डोळे उगाच एस-एच शोधत बसतात. आवाज पूर्ण बंद करायचा, नुसती अक्षरं बघायची. याच सातांत कन्सिलिएशन पण आहे, 12 अक्षरी, 19 पॉइंट. नॅशनल मात्र टाकू नका, त्यात सी नाही, खेळ घेत नाही.

अशा शेपट्या दहापंधरा पाठ असल्या की पुरतं. आय-एन-जी, ए-बी-एल-ई, एम-ई-एन-टी, आणि पुढून यू-एन, आर-ई, सी-ओ-एन. एस मात्र हे लोक सहसा देतच नाहीत, नाहीतर प्रत्येक शब्दाचं अनेकवचन करून लोक फुकटात पॉइंट लाटतील.

आणि मराठी मीडियमचं म्हणाल तर मला तो फायदाच वाटतो. आम्ही स्पेलिंग पाठ करायचो ते तुकड्या-तुकड्याने, सूर लावून, बी-ई-ए-यू, टी-आय, एफ-यू-एल. अर्थ नंतर कधीतरी कळायचा. या खेळात डोकं अगदी तसंच चालवावं लागतं.

अर्थ नाही कळला तरी अडत नाही हे पटत नसेल तर नायजेल रिचर्ड्स बघा. हा न्यूझीलंडचा माणूस, स्क्रॅबल या अक्षरं जुळवून शब्द लावायच्या बोर्ड गेममधला बाप. 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकला, आणि फ्रेंच बोलता येत नाही! शब्दांची यादी पाठ केली, बस. 2024 मध्ये स्पॅनिशचीही जिंकली.

स्क्रॅबलचं गणित वेगळं आहे, हातातली सात अक्षरं एकेकदाच वापरता येतात, सातही एकदम लावली तर 50 जास्तीचे. तिथे आर-ई-टी-आय-एन-ए आणि एस असं हाताशी आलं की लोक खूश होतात, कारण त्यातून रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टियर, स्टेनर असे कितीतरी निघतात. उलट क्यू आला आणि यू नाही की भलेभले हादरतात. आपण का हादरायचं? कव्वाली, निकाब, तलाक, तिन्ही स्क्रॅबलला चालणाऱ्या शब्दांच्या कॉलिन्स डिक्शनरीवाल्या यादीत आहेत, तिन्हींचं स्पेलिंग क्यूने होतं आणि यू कुठेच लागत नाही.

वेबसाइटचं म्हणाल तर खेळताना नाही उघडत. कॉम्प्युटरला यात काहीच कठीण नाही, त्याच्याकडे लाखोंची यादी असते आणि तो प्रत्येक शब्द चाळणीतून काढतो, ही सात सोडून दुसरं अक्षर आहे का, मधलं आहे का, संपलं. मॅकमध्ये अशी एक यादी आधीपासूनच पडलेली असते, ती 1934 च्या वेबस्टर डिक्शनरीवरून घेतलेली, त्यामुळे असे असे शब्द बाहेर येतात की कोणाच्या आजोबांनीही वापरले नसतील, आणि स्पेलिंग बी ते घेत पण नाही. मग काय उपयोग.

ज्यांना हे सगळं वाचून हात शिवशिवतोय त्यांच्यासाठी: मध्ये जी, भोवती ए, ई, आय, एम, एन, टी. मीटिंग सगळ्यांनाच दिसेल, तो पॅनग्रॅम नाही, ए राहतो. पॅनग्रॅम मला चार माहीत आहेत, पैकी एक भूगोलवाल्यांना लगेच लागेल आणि एकाचा संबंध टांकसाळीशी आहे. उरलेल्या दोघांची शेपूट तुम्हाला एव्हाना दिसली असेल. कमेंटमध्ये टाका, पण अर्धे शब्द लपवून, बाकीच्यांची मजा घालवू नका.