सेव्हियातलं लग्न आणि 'फोर्माल' नवरा

माद्रिदहून सेव्हियाला आवे नावाची फास्ट ट्रेन जाते, 1992 च्या एक्स्पोच्या वेळी सुरू झालेली, अडीच तासात पोचवते. मी ते अडीच तास बॅगेतल्या पैठणीचं टेन्शन घेण्यात घालवले. ऑफिसमधल्या मैत्रिणीचं लग्न, जून महिना, दुपारी साडेबाराचा मुहूर्त (मुहूर्त आपला, त्यांचा नुसता टाइम).

पत्रिकेवर कपड्यांबद्दल अक्षर नाही. म्हणून महिनाभर आधीच तिला मेसेज केलेला. ती नवऱ्याबद्दल भरभरून सांगत होती आणि मी मध्येच विचारलं, "ई एस फोर्माल?" म्हणजे, आणि फॉर्मल आहे का? आता स्पॅनिशमध्ये मराठीसारखाच कर्ता गिळला तरी चालतो, तिथेच घोळ झाला. तिचा व्हॉइस मेसेज आला, "फोर्मालीसिमो!" आणि पुढे बारा वर्षं एकाच नोकरीत आहे, वेळ पाळतो, शब्दाला पक्का वगैरे. मी दोनदा ऐकला तेव्हा शेवटचा 'ओ' लक्षात आला. लग्न म्हणजे बोदा, ती स्त्रीलिंगी, तिला 'आ' लागला असता. बाई नवऱ्याचं कॅरेक्टर सर्टिफिकेट देत होती! तिथे माणूस फोर्माल म्हणजे भरवशाचा, आणि येतो म्हणून न आलेला प्लंबर इनफोर्माल.

मग नीट विचारलं, 'दे एतिकेता' यायचंय का? एतिकेता म्हणजे दुकानात कपड्याला लटकतं ते लेबलसुद्धा, पण दे एतिकेता म्हटलं की पुरुषांना टक्सिडो, एकदम कडक काम. ती म्हणे, छे गं, एतिकेता नाही, पण आरेग्लादा ये. आरेग्लार हे क्रियापद मला सायकल दुरुस्त करून घेताना शिकायला मिळालेलं, म्हणजे मी दुरुस्त होऊन जायचं! आमची आई पण लग्नाला निघताना हेच म्हणायची, जरा माणसात ये.

लग्न सेव्हियाच्या त्रियाना भागात, सांता आना चर्चमध्ये, तेराव्या शतकातलं, विटांचं. बाहेर ऊन असं की बोलायची सोय नाही, आणि सगळ्या बायकांच्या हातात आबानिको, म्हणजे घडीचे पंखे, नुसती फडफड फडफड. बघते तर बायका गुडघ्यापर्यंतच्या ड्रेसमध्ये, डोक्यावर टोकादो, म्हणजे केसांत खोवायची सजावट, नाहीतर परातीएवढी हॅट. दुपारच्या लग्नाला लांब ड्रेस सहसा घालत नाहीत, तो रात्रीच्या लग्नाला, हे मला तिथे उभं असताना कळलं. एकट्या नवऱ्याच्या आईचा लांब, वर काळी मांतिया, म्हणजे डोक्यावरून घ्यायची लेसची ओढणी, कारण ती माद्रिना, म्हणजे नवऱ्याला वेदीपर्यंत घेऊन जाणारी, तिला मान. आणि दुसरी लांब मी, साडेपाच मीटर जांभळी.

तेवढ्यात नवरीची मावशी आली, मला खालून वर बघितलं आणि म्हणाली, "वास दे पुंता एन ब्लांको!" मला फक्त ब्लांको ऐकू आलं. पांढरा! तो तर नवरीचा रंग, पाहुण्यांनी घालायचाच नाही, मी घाबरून ब्लाउज बघते, काठ बघते, कुठे पांढरं दिसतंय का. मावशी हसत सुटली. नटूनथटून, नखशिखांत आलीस असा त्याचा अर्थ, म्हणे चिलखतवाल्या सरदारांच्या काळातला शब्द आहे.

मग तिने पदर हातात घेतला, एकेका मोरावर बोट ठेवत मोजायला लागली आणि आत घंटा वाजली तरी सोडेना.