खिटी एकदाची पडली!

काल रात्री माझ्या लाकडी घराच्या मॉडेलमधल्या दाराची दोरी सोडली आणि खिटी आपोआप खाली येऊन चौकटीच्या खाचेत टक्कन बसली. घरच्यांना बोलावून दार उघडझाप करून दाखवलं. कौतुक बेताचंच झालं.

‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ या पुस्तकातल्या कॅन्ससच्या घराचं हे बारापट लहान (१:१२) मॉडेल. त्याच्या ओंडक्यांच्या भिंती मागच्या वेळी पाहिल्याच आहेत. दार पुस्तकाबरहुकूमच हवं होतं. पुस्तकात घर बांधणाऱ्या ‘पा’कडे, म्हणजे लेखिका लॉराच्या वडिलांकडे, खिळे नाहीत, त्यामुळे सगळं लाकडी खुंट्यांवर, बिजागऱ्या चामड्याच्या. खिटी आतून, तिची दोरी दारातल्या भोकातून बाहेर. रात्री दोरी आत ओढून घेतली की बाहेरच्याला दार उघडता येत नाही. लॉरा इंगल्स वाइल्डरनं हे इतकं बारकाईनं लिहिलंय की सुतार नुसतं ऐकून दार करील.

घोडं अडलं ते वजनापाशी. लांबी बारापट कमी केली की वजन १,७२८ पट घटतं. दोऱ्याचा ताठपणा काही त्या मानानं उतरत नाही. खिटी अधांतरीच लोंबायची. पॉलिश पेपर मारून पाहिला, खुंटीला शिसपेन्सिलीची पूड चोळली, भोक गिरमिटानं सैल केलं. भोक सैल झालं तशी खिटी तिरकी होऊन नव्यानं अडकायला लागली! शेवटी टोकाला मागून भोक पाडून गळाच्या शिशाचा तुकडा ठोकला, वर सागाची चीप. दोरीऐवजी चहात बुडवलेल्या सुती दोऱ्याचा एकच पदर. प्युरिस्ट (सगळं अस्सलच हवं म्हणणाऱ्या) मंडळींनी शिशाकडे काणाडोळा करावा.

बिजागऱ्या मात्र झकास जमल्या. ‘मिनिएचर लेदर’ म्हणून ऑनलाइन मिळतं ते निव्वळ रेक्झिन, घेऊ नका. कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्या काकांनी अस्तराचे तुकडे रापीनं कागदासारखे तासून दिले.

पुढचा नंबर छपराचा होता. तिथे खिळे चालतील, लॉराच्या वडिलांनीही ते शेजारी एडवर्ड्सकडून उसने आणले होते. पण दार बसवून बाहेर बघतो तर बेस दोन बोटांवर संपतोय, आणि पुस्तकात ओसेज या तिथल्या मूळनिवासी लोकांची जुनी वाट घराजवळूनच जाते. १८६९ ते १८७१ इंगल्स कुटुंब राहिलं ती जमीन ओसेजांचीच. वाट नसलेलं घर म्हणजे अर्धीच गोष्ट. तेव्हा छप्पर मागे, आधी प्लायचा तुकडा जोडून बेस वाढवतो.

उंच गवताला तागाचे धागे घ्यायचं ठरतंय. तयार स्टॅटिक ग्रास (मॉडेलसाठी मिळणारं कृत्रिम गवत) या स्केलला फारच बुटकं पडतं. ताग रंगवून कुणी वापरलाय का? आधी रंगवायचा की चिकटवल्यावर?