आमची वाटचाल : "पूर्ण सीट बदला" म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून

आमच्याकडे फक्त पॉवर सीटचं, म्हणजे बटण दाबून मोटरवर सरकणाऱ्या गाडीच्या सीटचं काम होतं. इंजिन, ब्रेक, एसी काहीही घेऊन आलात तर सरळ दुसरीकडे पाठवतो. एवढ्याशा कामावर दुकान चालतं का असं बरेच जण म्हणायचे, चाललं, चालतंय. पण मधे एकदा शटर खाली ओढायची वेळ आली होती आणि ती का आली हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

सुरुवात दोघांनी केली, मी आणि मिस्त्री. मिस्त्री जुने ऑटो इलेक्ट्रिशियन, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. गाडी आली की व्होल्ट मोजायचा मीटर काढायच्या आधी स्विच दाबायचे आणि केबिनच्या दिव्याकडे बघायचे. दिवा मंद झाला म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतोय पण मोटर जाम आहे, मग स्लाइडरमध्ये, म्हणजे सीट सरकते त्या पट्टीत, नाणं, पेन, खेळणं काय अडकलंय ते बघा. दिव्यावर काहीच फरक नाही म्हणजे करंटच जात नाहीये, मग फ्यूज, अर्थिंग, स्विच, सीटखालची वायर. मोटर गरगर फिरतेय पण सीट जागची हलत नाही, तर प्लास्टिक गिअरचे दात गेलेत किंवा मोटरची फिरकी गिअरपर्यंत नेणाऱ्या ड्राइव्ह केबलचं चौकोनी टोक झिजून गोल झालंय. आणि सीट तिरकी सरकत असेल तर एका बाजूची केबल गेली, दुसरी एकटीच ओढतेय, अशा वेळी स्विच दाबत बसू नका, उरलेला गिअरपण जाईल.

मिस्त्रींचं मुख्य हत्यार म्हणजे दोन वायरी लावलेला हेडलाइटचा बल्ब, 55 वॅटचा, अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नवीन पोरं मीटर लावतात, 12 व्होल्ट दिसले की वायर ओके म्हणून मोकळी होतात. अरे, सीट मागेपुढे होऊन होऊन कव्हरच्या आत तांबं तुटतं, वरून वायर धडधाकट दिसते, एकच पदर शिल्लक असला तरी मीटर 12 दाखवणारच कारण मीटर करंट खेचतच नाही. बल्ब साडेचार अँपिअर खेचतो. तो नुसता लालसर पेटला की तिथल्या तिथे कळतं पुरवठ्यात नाहीतर अर्थिंगमध्ये दम नाही. या एका बल्बने किती लोकांच्या चांगल्या मोटरी भंगारात जाण्यापासून वाचवल्या.

आता मुद्द्याचं. आमच्यानंतर जवळच एक मोठं चकाचक वर्कशॉप सुरू झालं, नाव घेत नाही. त्यांचं प्रत्येक सीटला एकच उत्तर, मोटर सुटी मिळत नाही, मोटरसकट सीटची पूर्ण फ्रेम बदलावी लागेल. आम्ही तीच मोटर खोलून गिअर बदलून द्यायचो, तर गिऱ्हाईक आमच्याकडे येणारच ना. ते त्यांना सहन झालं नाही आणि त्यांनी पसरवलं की आमच्याकडून सीट करून घेतली की डॅशबोर्डवर एअरबॅगच्या बिघाडाचा दिवा लागतो. जुन्या गाड्यांचे एक व्यापारी होते, आमचं निम्म्याहून जास्त काम त्यांच्याकडून यायचं, त्यांनी एक शब्द न विचारता गाड्या बंद केल्या. हे मला आजही लागतं. मदतीला ठेवलेल्या पोराला घरी पाठवावं लागलं, भाडं थकलं, आणि मिस्त्रींनी आपल्या गाठीचे पैसे घालून दुकान धरून ठेवलं.

खरी गोष्ट काय होती ती या धंद्यातला कोणीही सांगेल. सीटखालचा पिवळा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, साइड एअरबॅगचा किंवा धडकेत बेल्ट आवळणाऱ्या प्रिटेन्शनरचा असतो. तो काढून इग्निशन चालू केलं की फॉल्ट गाडीच्या मेमरीत बसतो आणि दिवा लागतो, बऱ्याच गाड्यांत मग कपलर परत लावला तरी स्कॅनरने कोड पुसेपर्यंत जात नाही. आम्ही आधी बॅटरीची निगेटिव्ह काढतो, कंपनीने सांगितलेली वेळ थांबतो आणि मगच सीटच्या बोल्टला हात लावतो. पिवळ्या कपलरमध्ये मीटरची पिन तर कधीच घालायची नाही, तुम्हीही घालू नका. दिवे लागत होते ते त्या वर्कशॉपने आधी सीट उचकटलेल्या गाड्यांचे, आणि नाव आमचं.

अशात डॉक्टरबाई आल्या. उंची कमी, सीट वर केल्याशिवाय बॉनेटपलीकडचं दिसत नाही, आणि सीट खाली जाऊन बसलेली. वर्कशॉपने फ्रेमच सांगितली होती. मिस्त्रींनी स्विच दाबला, म्हणाले, "खाली जायचं बटण दाबल्यावर मोटर फिरतेय ना, मग मोटरला काय झालंय? स्विच खोल." बरोबरच आहे, मोटरच्या दोन्ही वायरी स्विचमधून अर्थला टेकलेल्या असतात, ज्या बाजूचं बटण दाबाल तिला प्लस मिळतो, दिशा बदलते ती स्विचमध्येच. खोलला तर वरच्या बाजूचा कॉन्टॅक्ट काळा ठिक्कर. घासून साफ केला, स्प्रिंग नीट बसवली, सीट वर आली.

बाईंनी एअरबॅगची अफवा ऐकली होती. त्या स्वतः त्या वर्कशॉपच्या काउंटरवर गेल्या आणि म्हणाल्या, "यांच्या कामामुळे दिवा लागतो असं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या." कोणी पेन उचललं नाही. हे त्यांनी ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलं आणि तिथून काम परत यायला लागलं. आजही त्यांच्या घरातल्या सगळ्या गाड्या आमच्याकडेच येतात. ते व्यापारी पण आले नंतर, काम करून दिलं, उधारीवर मात्र नाही.

तेव्हापासून गाडी आत घेतानाच इग्निशन लावून डॅशबोर्डचा फोटो काढतो, स्कॅन करतो, जाताना परत दोन्ही करतो. तुमचं दुकान असेल तर आजपासून हे सुरू करा.

मधली वर्षं चांगली गेली. मिस्त्री आता नाहीत. हल्ली मेमरी सीट, म्हणजे आपली जागा लक्षात ठेवणाऱ्या सीट जास्त येतात, मोटर फिरते तसा तिच्यातला हॉल सेन्सर पल्स देतो, त्या मोजून मॉड्यूलला, म्हणजे सीटच्या कंट्रोल युनिटला, सीट कुठे आहे ते कळतं. बॅटरी काढल्यावर बऱ्याच गाड्यांत सीट कुठून कुठपर्यंत जाते ती दोन्ही टोकं मॉड्यूलला पुन्हा शिकवावी लागतात, ती न शिकवता गाडी दिली की सीट मधेच थांबते आणि लोक मॉड्यूल गेलं म्हणून घाबरतात. त्या वर्कशॉपमधून अशा गाड्या अजून येतात आमच्याकडे, नवीन मॉड्यूल लावा अशी चिठ्ठी घेऊन, आणि आम्ही आधी टोकं शिकवून बघतो.