सही माझी नव्हती, थकबाकी मात्र माझ्या नावावर

सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचे टॉवेलचे चार माग आहेत. पाचव्यासाठी कर्ज मागायला बँकेत गेले, तर मॅनेजर साहेबांनी स्क्रीनच माझ्याकडे वळवली. "ताई, मोबाईलच्या कर्जाचे सात हप्ते थकलेत तुमचे." मी आजवर एकही मोबाईल हप्त्यावर घेतलेला नाही.

घरी येऊन सिबिलचा, म्हणजे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. पॅन माझा, जन्मतारीख माझी, पत्ता पुण्याचा. फायनान्स कंपनीला फोन केला, तर म्हणे, "आधी थकबाकी भरा, मग बघू." भरली असती तर कर्ज माझंच असं कबूल केल्यासारखं झालं असतं. रुपयाही दिला नाही. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, सिबिलकडे हरकत नोंदवली आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे कर्जाच्या अर्जाची प्रत लेखी मागितली.

तिसऱ्या ईमेलनंतर प्रत आली. माझ्या आधारच्या झेरॉक्सवर कुणा दुसऱ्याच बाईचा फोटो चिकटवलेला, त्याच्या कडेची काळी रेघसुद्धा झेरॉक्समध्ये उमटलेली. खाली इंग्रजीत सही. मी शाळेपासून मराठीत सही करते. मूळ आधार बघितलं असतं, नाहीतर आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला असता, तरी तिथल्या तिथं पकडलं गेलं असतं. दहा मिनिटांत कर्ज द्यायची घाई त्यांची, आणि पुरावे गोळा करत फिरायचं मी? याचा मला आजही संताप येतो.

कंपनीने होकार दिल्याशिवाय सिबिल नोंद बदलत नाही, हे तेव्हा समजलं. पण रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: तक्रार तीस दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. एप्रिल २०२४ पासून तो लागू आहे. पुढच्या पत्रात हे लिहिलं आणि एकतिसाव्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. मग कंपनीचाच फोन आला, "मॅडम, सेटल्ड दाखवून खातं बंद करतो." मी नाही म्हटलं. सेटल्ड म्हणजे कर्ज घेतलं होतं, पण पूर्ण फेडलं नाही. मला ती नोंदच पुसून हवी होती.

एकेचाळिसाव्या दिवशी ती पुसली गेली. भरपाईचे ११०० रुपये आले, दिवाळीनंतर पाचवा मागही आला. कागद न बघता तो अर्ज ज्याने पुढे पाठवला, त्याच्यावर काय कारवाई केली, हे मी कंपनीला दोनदा विचारलंय. उत्तर अजून नाही. तिसरं पत्र आज टाकलंय.